मिरचीपूड, दोरी आणि जात

गावाबाहेरच्या वस्तीवर रात्री दरोडा पडला, की दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत भांडण ठरलेलं असतं. एक पक्ष म्हणतो, ही जातच तशी, बापजाद्यांपासूनचा धंदा आहे, उगाच पुळका कशाला? दुसरा पक्ष म्हणतो, बिचाऱ्या पारध्यांना पोलीस विनाकारण छळतात, त्यांच्यातलं कुणी असं करणारच नाही. संध्याकाळी वाहिन्यांवर दोन्हीकडचे वक्ते बसतात, आवाज चढतात आणि जाहिरातींनंतर विषय बदलतो. मला यातला पहिला पक्ष घातक वाटतो आणि दुसरा भाबडा. पण दोघांची खरी चूक एकच आहे: दोघेही एका अख्ख्या समाजाचं चारित्र्य ठरवायला बसलेत. समाज गुन्हेगार आहे की निष्पाप, याचा निवाडा करणारं न्यायालय कुठे नाही आणि असूही नये. विचारायचं ते हे, की एखाद्या माणसावर संशय घ्यायला, त्याला उचलायला आणि आत ठेवायला आपल्या व्यवस्थेला किती पुरावा लागतो, आणि तो सगळ्यांच्या बाबतीत सारखाच लागतो का? माझ्या मते नाही लागत. 1871 चा गुन्हेगार जमाती कायदा 31 ऑगस्ट 1952 रोजी देशभर रद्द झाला खरा, पण त्याचं काम चार-पाच किरकोळ दिसणाऱ्या तरतुदींनी आणि ठाण्यातल्या रजिस्टरांनी आपसांत वाटून घेतलं. त्या तरतुदींवर कुणी बोलत नाही, कारण त्यांवर आरडाओरडा करता येत नाही.

त्या जुन्या कायद्यामागचं डोकं कसं चालत होतं, हे आधी पाहू. विधेयक मांडताना गोऱ्या अधिकाऱ्यांनी केलेला युक्तिवाद थोडक्यात असा होता: या देशात धंदे जातीने चालतात, सुताराचा मुलगा सुतार होतो, विणकराचा विणकर, मग चोरी हाच धंदा असलेल्या जातीही असणार, आणि त्यांच्यात जन्मलेलं पोर चोरच निघणार. जातीबद्दलचं आपलंच तत्त्वज्ञान साहेबाने कलमं घालून आपल्याला परत दिलं, आणि आपल्यातल्या शिकल्यासवरल्यांना त्यात फारसं वावगं वाटलं नाही. मग नोंदण्या झाल्या. पोलिसांपुढे हजेरी आली. गाव सोडायचं तर पास आला. पारधी, कैकाडी, भामटा, कंजारभाट, छप्परबंद, बेरड अशी नावं याद्यांत चढली. सोलापूरला तारेच्या कुंपणाआड वसाहत उभी राहिली, आणि तिथल्या माणसांना गिरण्यांत कामाला धाडलं जाई. गैरहजर राहिला तर थेट गुन्हाच, म्हणजे असला कामगार कुठल्या मालकाला नको असेल? ‘सेटलमेंट’ हे नाव आजही सोलापुरात लोकांच्या पत्त्यात आहे. कुंपण गेलं त्याला तीन पिढ्या झाल्या, तरी पत्ता सांगितला की ऐकणाऱ्याच्या भुवया किंचित वर जातात.

आता आजचं वर्तमानपत्र उघडा. जिल्हा पानावर एक बातमी वर्षातून अनेकदा छापून येते: ‘दरोड्याच्या तयारीत असलेली टोळी जेरबंद’. स्थळ बहुधा बायपासजवळचा अंधार किंवा बंद पडलेला ढाबा. वेळ रात्री दीड-दोनची. एलसीबीच्या, म्हणजे स्थानिक गुन्हे शाखेच्या पथकाला गुप्त बातमीदाराकडून खबर मिळालेली असते. तीन-चार जण सापडतात, एक-दोघे अंधाराचा फायदा घेऊन पसार होतात. दरोड्याला कायद्याने किमान पाच माणसं लागतात, तेव्हा पसार झालेल्यांचीही गरज असतेच. जप्त मुद्देमाल: मिरचीपूड, नायलॉनची दोरी, कोयता, कटावणी, एखादी विनानंबरची मोटारसायकल. जिल्हा बदलतो, अधिकारी बदलतात, यादी बदलत नाही. यातल्या काही टोळ्या खरोखरच दरोड्याला निघालेल्या असतील, मी नाकारत नाही. पण या गुन्ह्याचा आकार बघा. कुणाच्या घरातून काही गेलेलं नाही, कुणाला ओरखडा उठलेला नाही. फिर्याद देणारा पोलीस, पकडणारा पोलीस, साक्षीदार पोलीस आणि सोबत दोन पंच. पूर्वी हे भारतीय दंडविधानाच्या कलम 399 आणि 402 खाली यायचं, आता भारतीय न्याय संहितेच्या कलम 310 मध्ये आहे. नुसत्या तयारीला दहा वर्षांपर्यंत सक्तमजुरी होऊ शकते. आणि मुद्देमालाचं म्हणाल, तर ऊसतोडीला जाणाऱ्या माणसाकडे कोयता नसेल तर काय असेल? पाल, म्हणजे राहायचा तंबू, बांधायला दोरी लागते. मिरचीपूड तर तुमच्या-माझ्या घरातही आहे. फरक इतकाच, की आपल्याकडची मिरचीपूड स्वयंपाकाची असते आणि पालावरची डोळ्यांत फेकायची, असं पंचनामा लिहिण्याआधीच ठरलेलं असतं.

समोरच्या बाजूचं म्हणणं हसण्यावारी नेण्यासारखं मात्र नाही, आणि ते नेलं जातं म्हणूनच आपल्या बाजूचे लोक वादात हरतात. दरोड्यात मार खाणारी माणसं कोण असतात? बंगलेवाले क्वचित. रानातल्या वस्तीवर राहणारा शेतकरी, बागेची राखण करणारा सालगडी, मेंढपाळ, वीटभट्टीवरचं कुटुंब. रात्री कुत्री भुंकली की ज्या बाईच्या पोटात गोळा येतो, तिला ‘व्यवस्थेतला पूर्वग्रह’ समजावून सांगायला जाणं हा उद्धटपणा आहे. दुसरं, गुन्ह्याच्या पद्धतीवरून माग काढणं ही काही इथल्या पोलिसांची जातीय खोड नाही, जगभर तपास तसाच होतो. मनुष्यबळ तुटपुंजं, वरून ‘डिटेक्शन’चा तगादा, अशा वेळी हवालदार आधी रेकॉर्ड उघडणार, हे स्वाभाविक आहे. तिसरं, काही टोळ्या नात्यागोत्यातल्या असतात हेही खरं. जिवावरच्या कामात माणूस भरवशाचं माणूसच बरोबर घेतो, मग ते दरोडेखोर असोत की वाळूमाफिया. आणि चौथं, कायद्याच्या जाणकारांचं म्हणणं: 1959 चा सराईत गुन्हेगारांविषयीचा कायदा जात बघतच नाही, त्यात पाच वर्षांत तीन वेळा झालेली शिक्षा हा निकष आहे. कागदावर हे सगळं बिनतोड आहे.

पण रेकॉर्ड बनतं कसं? जिथे शोधायला जाता तिथेच सापडतं. चोरी झाली की पालावर झडती. झडतीत दहा जण ठाण्यात. त्यातल्या तिघांवर काहीतरी कलम. पुढच्या चोरीला तेच तिघे ‘रेकॉर्डवरचे’. खटल्यात सुटले तरी रेकॉर्ड सुटत नाही. ठाण्याच्या प्रेसनोटमध्ये सराईत म्हणवून घ्यायला तीन शिक्षा लागत नाहीत, नावावर चार गुन्हे दाखल असले की पुरे. आणि गुन्हे दाखल करणारे आपणच! या चक्रातून निघालेला आकडा पुन्हा पुरावा म्हणून दाखवला जातो, की बघा, या समाजात गुन्हेगारीचं प्रमाण किती. एखाद्या वस्तीत रोज जाळं टाकायचं, दुसरीत कधीच नाही, आणि मग मासे फक्त पहिल्याच तळ्यात आहेत असं जाहीर करायचं, याला आकडेवारी म्हणायचं का? 2018 साली पंजाब नॅशनल बँकेचा हजारो कोटींचा घोटाळा उघड झाला. त्यातला मुख्य आरोपी हिरेव्यापारी होता. तेव्हा सुरतेच्या किंवा मुंबईच्या हिरेबाजारात रात्री दोन वाजता कोंबिंग झालं का? त्याच्या चुलतभावांच्या सोसायट्यांतले तरुण पोर ‘चौकशीपुरतं’ म्हणून चार दिवस बसवून ठेवले का? नाही, आणि ते बरोबरच झालं. तपास त्या माणसाच्या आणि त्याच्या कंपन्यांच्या कागदांमागे गेला. गुन्ह्याची पद्धत माणसाकडे बोट दाखवते, त्याच्या आडनावाकडे नाही, हे पोलिसांना व्यवस्थित कळतं. पालापाशी आल्यावरच त्याचा विसर पडतो.

हे ‘थोडंफार चुकतं, पण गुन्हेगार पकडले जातात’ असं ज्यांना वाटतं, त्यांनी नाशिकचा एक खटला मुळातून वाचावा. जून 2003 मध्ये शेतात राहणाऱ्या एका कष्टकरी कुटुंबावर अत्यंत क्रूर हल्ला झाला; पाच जणांचा खून, बलात्कार, लूट. भटक्या समाजातल्या सहा जणांना अटक झाली. 2006 मध्ये नाशिकच्या न्यायालयाने सहाही जणांना फाशी सुनावली. उच्च न्यायालयाने तिघांची फाशी कायम ठेवली, तिघांना जन्मठेप दिली. 2009 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्या तिघांचीही जन्मठेप वाढवून पुन्हा फाशी केली. पुढे त्यातला एक जण गुन्ह्याच्या वेळी अल्पवयीन होता, हे निष्पन्न झालं. आणि 5 मार्च 2019 रोजी त्याच सर्वोच्च न्यायालयाने सहाही जणांना निर्दोष सोडलं. निकालात एक गोष्ट अशी आहे की वाचून सुन्न व्हायला होतं: हल्ल्यातून वाचलेल्या प्रत्यक्षदर्शी बाईने घटनेनंतर दोनच दिवसांत पोलिसांच्या अल्बममधले चार भलतेच चेहरे ओळखले होते. त्या चौघांवर खटलाच चालला नाही. सहा जणांची सोळा वर्षं तुरुंगात गेली, त्यातली बरीचशी फाशीच्या छायेत. न्यायालयाने प्रत्येकी पाच लाखांची भरपाई द्यायला आणि चुकार अधिकाऱ्यांवर कारवाई करायला सांगितलं.

आता सांगा, यात न्याय कुणाला मिळाला? त्या बाईला मिळाला का? तिने ओळखलेली माणसं मोकळीच राहिली. वस्तीवरच्या शेतकऱ्याची बाजू घेऊन जे पारध्यांना झोडपा म्हणतात, त्यांना माझा सवाल हाच आहे. सवयीच्या आरोपींनी फाईल बंद करण्याची मुभा तपास अधिकाऱ्याला मिळाली, की खरा गुन्हेगार शोधायची निकड संपते. जातीवरून घेतलेला संशय फक्त संशयितावर अन्याय करत नाही, तो फिर्यादीलाही फसवतो. आणि ही वृत्ती ठाण्याच्या आवारात थांबत नाही. 1 जुलै 2018 रोजी धुळे जिल्ह्यातल्या राईनपाड्यात, मुलं पळवणारी टोळी समजून जमावाने पाच जणांना ठेचून मारलं. ते मंगळवेढ्याकडचे, नाथपंथी डवरी गोसावी समाजाचे भिक्षेकरी होते. आठवडी बाजाराचा दिवस होता, दिवसाढवळ्या हे घडलं. अफवा व्हॉट्सअ‍ॅपवरून आली असेल, पण पालातला अनोळखी माणूस दिसला की आधी चोर समजायचं, हे व्हॉट्सअ‍ॅपने शिकवलेलं नाही.

खटला, निकाल ही फार पुढची गोष्ट. बहुतेकांचं आयुष्य जामिनापाशीच अडकतं. राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या 2022 च्या आकडेवारीप्रमाणे देशातल्या तुरुंगांत 5,73,220 कैदी होते आणि त्यातले 4,34,302 कच्चे कैदी, म्हणजे शंभरात जवळपास शहात्तर. जामीन ‘मंजूर’ झाल्यावर काय होतं, ते कुठल्याही तालुका न्यायालयाच्या आवारात एक दुपार घालवली तर दिसतं. जामीनदार हवा. त्याच्या नावावर सातबारा हवा किंवा पगाराची स्लिप. तहसीलचा ऐपतीचा दाखला, आधार, रेशनकार्ड, दोन फोटो. ज्याच्या सात पिढ्यांत कुणाच्या नावावर गुंठाभर जमीन नाही, ज्याच्या पालाला घर क्रमांक नाही, त्याची बायको हे कुठून आणणार? मग आवारातच कुणीतरी भेटतो, जो पैसे घेऊन जामीनदार उभा करतो. तेवढे पैसे आणायला ती सावकाराकडे जाते. 1978 साली मध्य प्रदेशातल्या एका गवंड्याचं प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेलं होतं. दहा हजारांचा जामीन मागितला, आणि जामीनदार म्हणून उभ्या राहिलेल्या भावाची मालमत्ता दुसऱ्या जिल्ह्यात आहे म्हणून तोही नाकारला. न्यायमूर्ती कृष्ण अय्यर यांनी तेव्हा खालच्या न्यायालयाचे कान उपटले होते. त्या निकालाला जवळपास अर्धशतक होत आलं आणि बाहेरच्या जिल्ह्याचा जामीनदार दिसला की कारकून अजून कपाळाला आठ्या घालतो.

नव्या कायद्याने यात सुधारणा झाली, असं सांगितलं जातं. 1 जुलै 2024 पासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम 479 प्रमाणे, आधी कुठल्याच गुन्ह्यात शिक्षा न झालेल्या माणसाने कमाल शिक्षेच्या एक तृतीयांश काळ आत काढला की त्याला सोडायचं. उत्तम. पण त्याच कलमाचं दुसरं पोटकलम वाचा: ज्याच्यावर एकापेक्षा जास्त गुन्ह्यांचा तपास किंवा खटले प्रलंबित आहेत, त्याला ही सवलत नाही. आता हे पालावरच्या माणसाला लावून बघा. एका ठाण्याने पकडला, की शेजारच्या तालुक्यातल्या ठाण्याकडे उकल न झालेल्या घरफोड्या पडलेल्याच असतात. ते न्यायालयाकडून वॉरंट घेऊन त्याचा ताबा घेतात, मग तिसरं ठाणं, मग चौथं. महिन्या-दोन महिन्यांत एकाचे पाच गुन्हे होतात, पाच तारखा, पाच जामीनदार. कायद्याने दिलेली सवलत ज्याला सगळ्यांत जास्त हवी होती, तोच तिच्यातून बाहेर पडतो, आणि कलमात जातीचा उल्लेखसुद्धा नसतो. 1871 चा कायदा निदान तोंडावर तरी सांगत होता.

महाराष्ट्र पोलीस अधिनियम, 1951 चं कलम 122 हा याचाच सख्खा भाऊ. सूर्यास्त ते सूर्योदय या वेळात रस्त्यावर किंवा आवारात रेंगाळणारा ‘चोर म्हणून ख्याती असलेला’ इसम समाधानकारक खुलासा देऊ शकला नाही, तर तो गुन्हा. चोर म्हणून सिद्ध झालेला नव्हे, ख्याती असलेला. ख्याती ठरवणार कोण? आणि समाधान कुणाचं व्हायचं? पालात राहणारा माणूस रात्री दुसरीकडे कुठे जाणार, त्याचं अंगणच रस्ता आहे. ही भाषा इंग्लंडच्या 1824 च्या भटक्यांविरुद्धच्या कायद्यातून आलेली. तिकडे याच तरतुदीचा वापर 1970 च्या दशकात लंडनमधल्या कृष्णवर्णीय तरुणांवर सर्रास होत होता. रस्त्यात दिसला की संशयित म्हणून उचल. तिकडच्या पोलिसांचंही म्हणणं हेच होतं, की आम्ही अनुभवावरून जातो, रंगावरून नाही. एप्रिल 1981 मध्ये ब्रिक्स्टनमध्ये दंगल पेटली, आणि त्याच वर्षी ब्रिटिश संसदेने ती तरतूद रद्द केली. म्हणून लंडनमध्ये चोरांचं राज्य आलं, असं काही घडलं नाही. ज्यांनी ही कल्पना इथे आणली त्यांनी स्वतःच्या घरातून ती काढून टाकली. आपण मात्र ती अजून कपाटात जपून ठेवली आहे.

तरीही एक युक्तिवाद उरतो, आणि तो सभ्य माणसंच करतात: सत्तर वर्षं सवलती दिल्या, आश्रमशाळा काढल्या, त्या जुन्या कायद्यातून सुटलेल्या, म्हणजे विमुक्त जातींना तीन टक्के आरक्षण दिलं, तरी हे सुधारत नसतील तर दोष कुणाचा? कोल्हापूर संस्थानाकडे बघा, उत्तर तिथे आहे. 1918 साली शाहू महाराजांनी आपल्या राज्यातली हजेरीची पद्धतच बंद केली आणि फासेपारध्यांना पहाऱ्याच्या कामावर घेतलं. क्रम लक्षात घ्या. आधी हजेरी बंद, मग नोकरी. आणि नोकरी कसली, तर ज्या कामासाठी विश्वास लागतो ती. आपण बरोबर उलटं केलं. शाळा दिली, पण पोराच्या बापाला दर सणासुदीला ठाण्यात बसवणं चालू ठेवलं. घरकुल मंजूर केलं आणि गावाने ते गावठाणात होऊ दिलं नाही. जातीचा दाखला मागायला गेला तर पन्नास वर्षांपूर्वीचा पुरावा मागितला, आणि पुराव्यादाखल त्या घरात एकच सरकारी कागद निघाला, आजोबाच्या अटकेचा. अशा परिस्थितीत कितीतरी कुटुंबं शिकली, नोकऱ्यांत गेली, याचंच खरं तर नवल करायला हवं.

मग करायचं काय? मोठ्या घोषणा नकोत. ऑक्टोबर 2024 मध्ये पत्रकार सुकन्या शांता यांच्या याचिकेवर सर्वोच्च न्यायालयाने तुरुंगांच्या नियमावल्यांतली जातीवर आधारलेली कामवाटणी घटनाबाह्य ठरवली, रजिस्टरातला जातीचा रकाना काढायला सांगितला, आणि विमुक्त समाजातल्या माणसांना मनमानी अटक होऊ नये असंही बजावलं. हा निकाल मुख्यतः तुरुंगाच्या दाराच्या आतला आहे. बाहेरचं काम विधानसभेचं आहे. कलम 122 मधला ‘ख्याती’चा तुकडा काढायला केंद्राची परवानगी मागत बसावं लागत नाही. भूमिहीन आरोपीला ऐपतीच्या दाखल्याऐवजी वैयक्तिक जातमुचलक्यावर, म्हणजे स्वतःच्याच हमीवर सोडायची सोय कायद्यात आजही आहे, ती वापरायची की नाही एवढाच प्रश्न आहे. आणि तिसरी मागणी सगळ्यांत सोपी. राज्याच्या गृहखात्याने गेल्या दहा वर्षांत जिल्हावार दरोड्याच्या ‘तयारी’चे किती गुन्हे दाखल झाले, किती खटले उभे राहिले, आणि किती आरोपींना अखेर शिक्षा झाली, हे प्रसिद्ध करावं. जात नको, नावं नकोत, फक्त हे तीन रकाने. ही सगळी माहिती ठाण्यांकडे आणि न्यायालयांकडे आहेच, कुणाला पालावर जाऊन गोळा करायची नाही. ‘आकडे खोटं बोलत नाहीत’ असं वाहिन्यांवर ठासून सांगणाऱ्यांनी या मागणीवर पहिली सही करावी. मी दुसरी करतो.